नववं बोट

मोरुगात पहिल्या दिवशी अर्नेस्टीननं मला
मिरची दाखवलीच नाही.
आधी तेलाची बाटली दाखवली, मग साबण, मग नळ.
"ह्याच क्रमानं," म्हणाली. "नुसतं पाणी लावशील
तर आग पसरेल, विझणार नाही.
आणि लघवीला जायचं ते आधी हात धुऊन.
नंतर काय, सगळं जग धुतं."
मी हसलो.
दुपारपर्यंत हसू जिरलं होतं.

बी रुजायला तीन आठवडे घेते, कधी चार.
माती दमट हवी, चिखल नको,
आणि रोज सकाळी वाकून बघायचं,
पत्र यायचं असलं की दाराकडे बघतात तसं.
पहिली फुलं ती खुडून टाकते.
मला ते पटत नाही, अजूनही नाही.
"आधी हाडं धरू दे," एवढंच म्हणते.

मग एके दिवशी पानाआड लोंबतं
सुरकुतलेलं, फोड आल्यासारखं काहीतरी लाल,
टोकाशी वळलेली नांगी.
लोक बियांना भितात. उगाच.
जाळ आतल्या पांढुरक्या पडद्यात असतो,
जिथं बी आईला चिकटलेलं असतं
नेमकं तिथं.

निळसर पाखरू येतं, ब्लू-जीन म्हणतात इथे,
सावकाश अर्धी मिरची खातं,
फांदीला चोच पुसतं,
उडून जातं.
खाली आम्ही चष्मे लावून, दोन-दोन हातमोजे चढवून,
तोंडाला फडकं बांधून, वाऱ्याकडे पाठ करून,
देठासकट एकेक खुडत,
घाम आला तरी कपाळ खांद्यालाच पुसत.

वाटण अंगणातच. घरात कधीच नाही.
युलरिकनं एका वर्षी पंखा उलट्या तोंडानं लावला
आणि सगळं घर रस्त्यावर आलं,
चहाला आलेले पाद्रीबाबासुद्धा,
कपबशी हातात, डोळ्यांना धार,
युलरिकला क्षमा करायला शब्द फुटेना.

शेजारच्या सुमिंत्राचे पणजोबा
कलकत्त्याच्या जहाजातून आले होते, ऊस तोडायला.
दृष्ट काढायची रीत तेवढी घरात टिकली.
निखाऱ्यावर मिरची टाकायची;
ठसका लागला नाही, तर नजर लागलेली.
नातू दूध पिईना तेव्हा घरातली मिरची संपलेली,
म्हणून कुंपणावरून आमची एक नेली. एकच.
समोरचा गुत्ता रिकामा झाला, कोंबड्या पुलापर्यंत पळाल्या.
"म्हणजे पोराला काही झालेलं नव्हतं,"
पदर नव्हता म्हणून बाहीनं डोळे पुसत सुमिंत्रा म्हणाली.
"आता झालंय."

हे सगळं मी हसत सांगतो.
ऑगस्टमधली ती संध्याकाळ सांगताना मात्र अडखळतो.

तोडणी ऐन भरात, पोत्यांचा ढीग पडवीपर्यंत,
आणि ब्रुकलिनहून व्हर्लिन आली,
काखेत दोन महिन्यांची मुलगी.
अर्नेस्टीन धावली नाही.
मागे सरली. हात वर धरले,
पोलिसानं हटकल्यासारखे.
मग तेल. मग साबण. मग पुन्हा तेल.
नखांत ब्रश. दुधाच्या भांड्यात मनगटापर्यंत हात
आणि नजर मुलीवर.
व्हर्लिन म्हणाली, "ममा, झालं की आता."
"थांब."

मग ती एकेक बोट चाटायला लागली.
अंगठा. काही नाही.
तर्जनी. काही नाही.
दिवस मावळत होता, मुलगी कुरकुरायला लागली होती,
युलरिक दारात टोपी फिरवत उभा,
आणि आम्ही सगळे मोजत होतो, मनातल्या मनात,
सहा, सात, आठ.

नवव्या बोटाचा हातमोजा
सकाळी काट्याला लागून फाटला होता.
मला माहीत होतं. मी सांगायचं विसरलो होतो.

तिनं जीभ आत घेतली. डोळे मिटले.
"अजून आहे," म्हणाली,
आणि तेलाची बाटली पुन्हा उघडली.